वेशीवर अडकलेला युद्धकैदी

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. नांदेडहून, लातूरहून, उदगीरहून टेम्पो भरून जातो. २०१८ साली दगड पडले, तरी पुढच्या वर्षी गेलोच. स्तंभावरची नावं वाचतो. शेवटी 'नाक' असलेलं नाव दिसलं की रात्रभर टेम्पोत उभं राहून आखडलेले पाय विसरतो. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब जिथं उभे राहिले तिथं आपण उभे राहतो. यात चूक काहीच नाही. मीही जातो, पुढंही जाणार.

पण आज मी आपल्याच माणसांना एक वाकडा प्रश्न विचारणार आहे. राग आला तर येऊ द्या.

जिंकलेल्यांचा स्तंभ आपल्याला पाठ आहे. पकडले गेलेल्यांचं काय? ज्यांच्या गोळ्या संपल्या, ज्यांच्यावरचा साहेब शरण गेला म्हणून ज्यांना हात वर करावे लागले, ज्यांना परक्या मुलखात गुरासारखं हाकलत नेलं, आणि त्यातून जे जिवंत घरी आले, त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? कोणत्या विहाराच्या भिंतीवर ती लिहिलीत?

मला असा एकच माणूस ठाऊक होता. त्याचंही नाव ठाऊक नव्हतं. वस्ती त्याला 'चिनी आबा' म्हणायची.

नांदेडच्या आमच्या वस्तीत म्हातारा राहायचा. मी लहान होतो तेव्हा साठी उलटून गेलेला. उजव्या पायाला दोन बोटं नव्हती. दिवसभर दाराशी बसून तंबाखू मळायचा. आम्हा पोरांना वाटायचं, कधीतरी चिनीमातीच्या बरण्या विकत असंल, म्हणून चिनी. एकदा मायनं सांगितलं, "बरण्या कशाच्या रं? त्यो चीनच्या कैदेत व्हता."

मग मी त्याच्याजवळ बसायला लागलो. म्हातारा एका दमात कधी सांगायचा नाही. चिमटी चिमटीनं सांगायचा.

आबा महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये नमका चू नदीच्या काठावर सातवी ब्रिगेड नेऊन उभी केली होती, तिच्यासोबत महार रेजिमेंटचे मशीनगनवाले होते. हिमालयातली थंडी, अंगावर सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. वरून हुकूम काय, तर चिन्यांना हुसकून लावा. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी आले. ब्रिगेड दिवसभरात मोडली. तिचा ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी पकडला गेला. त्या युद्धात आपले सुमारे ३,९०० सैनिक चीनच्या हाती लागले. आमचा आबा त्यातला एक. पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली.

घरी तार आली, बेपत्ता. तार वाचायला गावातल्या मास्तराकडं जावं लागलं. आबाची बायको तेव्हा अठरा-एकोणीसची पोर. पंधरा दिवसांनी भावकीतल्याच बाया म्हणाल्या, बांगड्या फोड. तिनं सांगितलं, "मढं दावा, मग फोडते." सात महिने ती दुसऱ्याच्या खळ्यावर ज्वारी मळत राहिली, हातात बांगड्या ठेवून. गाव म्हणायचं, बाई निलाजरी आहे.

तिकडं कैदेत चिनी शिकवण्या घ्यायचे. अधिकारी वेगळे काढले, जवान वेगळे. जवानांना सांगायचे, तुमचे साहेब जमीनदाराची पोरं, तुम्ही गरीब, तुम्ही कशाला मरता? आबाला विचारलं, तुझ्याकडं जमीन किती? आबा म्हणाला, "पुराय-पुरती बी न्हाई."

हे सांगताना म्हातारा हसायचा. म्हणायचा, "लेकरा, त्येचं निम्मं खरं व्हतं. जमीनदार त्येला ठावं व्हता. येस ठावी न्हवती."

आपल्यातल्या लाल पुस्तकं वाचणाऱ्या दोस्तांनी हे वाक्य लिहून ठेवावं. जमीनदार ठाऊक आहे, वेस ठाऊक नाही. दुखणं एवढंच आहे.

मे १९६३ पर्यंत कैदी परत आले. दळवी ४ मे १९६३ ला परतला. पुढं त्यानं पुस्तक लिहिलं, 'हिमालयन ब्लंडर'. त्यात त्यानं सांगितलंय की परत आलेल्यांकडं संशयानं बघितलं गेलं, चिन्यांनी तुमची डोकी तर फिरवली नाहीत ना, हे त्यांना सिद्ध करून द्यावं लागलं. ब्रिगेडियरची ही गत, मग शिपायाला कोण विचारतो? आबाचीही चौकशी झाली. साहेबानं विचारलं, चिन्यानं तुला काय शिकवलं? आबा म्हणाला, "सायेब, त्यो जे शिकवीत व्हता ते मला गावानं आधीच शिकिवलंय."

मग रजा मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर आबा नांदेडला गाडीतून उतरला. तिथून मोटारीनं, तिथून चालत कंधार तालुक्यातल्या आपल्या गावाला. अंगात सरकारी कपडे, पायात आर्मीनं दिलेले नवे चामड्याचे बूट. वेशीजवळ पाराखाली चार माणसं बसलेली. त्यांनी ओळखलं. कसा आहेस विचारलं नाही. चीन कसा होता विचारलं नाही. एक जण म्हणाला,

"बूट काढ."

आबानं काढले. हातात घेतले. अनवाणी चालत महारवाड्यात गेला. दोन बोटं नसलेला पाय गावानं बघितला. कुणीतरी मागून म्हणालं, "धरलेला शिपाई आला."

आबा म्हणायचा, "चिन्यानं कापसाचे बूट दिल्ते. आर्मीनं चामड्याचे दिले. गावानं काढाय लावले." एवढं बोलून पुन्हा तंबाखू.

दोस्तांनो, मी ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवसापासून एकच गोष्ट धरून बसलोय. युद्धकैदी सुटतो कधी? शत्रूनं फाटक उघडल्यावर सुटत नाही. गाडी नांदेडला लागल्यावर सुटत नाही. त्याचं गाव त्याला पायातल्या बुटासकट वेशीतून आत घेईल तेव्हा तो सुटतो. या हिशोबानं आमचा आबा कधीच सुटला नाही. चीननं त्याला सात महिने ठेवला. बाकीची सगळी कैद आपल्याच मुलखातली.

पुढं मी लातूरला डाळमिलमध्ये लागलो. पाळी सुटल्यावर नाकातोंडातली तुरीची धूळ धुऊन मिळेल ते वाचायची सवय लागली. कैद्यांबद्दल वाचत गेलो, आणि आबापासून सेहेचाळीस वर्षं मागं पोचलो. कूत-अल-अमाराला.

हे गाव आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठी. पहिल्या महायुद्धात तिथं इंग्रजांची सहावी पूना डिव्हिजन कोंडली गेली. नाव आपल्या पुण्याचं, तिच्यात मराठा पलटणी होत्या. तुर्कांनी जवळजवळ पाच महिने वेढा घातला. घोडी-खेचरं कापून खाल्ली. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. आता नीट ऐका. त्या तेरा हजारांत तीन हजारांवर माणसं शिपाई नव्हतीच. फौजेच्या कागदावर त्यांना 'फॉलोअर' म्हणत. म्हणजे मागनं चालणारा. पाणी वाहणारा भिस्ती, संडास साफ करणारा झाडूवाला, स्वैपाकी, धोबी, मोची, खेचरं हाकणारा, जखमींची डोली उचलणारा. पगार कमी, बंदूक नाही, गोळी मात्र सारखीच लागते.

झाडूवाला कोणत्या जातीचा असतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज आहे का?

आपला इतिहास इथं जोडून बघा. ज्या महारांनी कोरेगाव लढवलं त्यांची फौजेतली भरती इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास बंद केली. कारण? तुम्ही लढाऊ जातीचे नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडून टाकली. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तेव्हा कुठं त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात अस्पृश्याच्या हाती बंदूक चालत नव्हती. झाडू चालत होता. पहिल्या महायुद्धात तर हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून हजारो कैदी काढून त्यांना मेसोपोटेमियात मजुरीला नेलं. इथली बेडी काढली, तिथलं ओझं डोक्यावर दिलं.

कूत पडल्यावर टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. कैदेत असतानाच त्याला 'सर' केलं. त्याची माणसं मात्र वाळवंटातून रास-अल-ऐनकडं पायी चालवत नेली, बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपली. वाटेत उन्हानं, हगवणीनं, चाबकानं हजारो मेले. त्या कैद्यांत शिशिर सर्बाधिकारी नावाचा एक बंगाली तरुण होता, जखमींच्या सेवेला गेलेला. त्यानं आपल्या वहीची पानं बुटात लपवून ठेवली. परत आला, पुढं त्याचं पुस्तक झालं. फार मोलाचं काम केलं त्यानं, माझा त्याला सलाम. पण त्याच वाळवंटात चाललेल्या झाडूवाल्याकडं वही नव्हती. अक्षर नव्हतं. कदाचित बूटही नव्हते.

मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. इंग्रज शिपायाचं नाव कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढं आकडा, एवढ्यावर भागवलं. नाव कशाला, मोजले ना? पुस! पुढं शंभर वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की त्या युद्धातले निदान १ लाख १६ हजार मृत, मुख्यतः आफ्रिकेतले, इजिप्तमधले, नावानिशी स्मरलेच गेले नाहीत. खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असेल. त्यांनी माफी मागितली.

इंग्रजानं शंभर वर्षांनी का होईना, माफी मागितली. आता वेशीजवळच्या त्या पाराकडं बघा आणि सांगा, आबाची माफी कोण मागणार?

कोणी म्हणेल, कामगाराला कायद्यातलं काय कळतं. कळतं. १२ ऑगस्ट १९४९ ला युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार झाला. त्याचं १७ वं कलम सांगतं, पकडलेल्या शिपायाला चारच गोष्टी सांगाव्या लागतात. नाव-आडनाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर. बस्स. शत्रूला याहून जास्त विचारून त्याला छळता येत नाही. आणि आपल्या गावात पहिला प्रश्न काय असतो? "कुणापैकी?"

२६ वं कलम सांगतं, कैद्याला पुरेसं पिण्याचं पाणी द्यायचं. ५२ वं कलम सांगतं, आपल्या स्वतःच्या शिपायाला जे काम अपमानाचं वाटेल ते कैद्याला लावायचं नाही. ६२ वं कलम सांगतं, कैद्याकडून काम घ्याल तर मजुरी द्यायची. ११८ वं कलम सांगतं, लढाई थांबली की उशीर न लावता त्याला घरी पाठवायचं.

आता महारकी आठवा. पाण्यासाठी आडावर ओंजळ पसरून उभं राहायचं, कुणी वरून ओतील तर पाणी. मेलेलं ढोर ओढायचं, जे गावातल्या दुसऱ्या कुणाला अपमानाचं वाटतं म्हणूनच आपल्याला लावलं. सांगावे पोचवायचे, लाकडं फोडायची, मजुरी म्हणून शिळी भाकर. जगानं शत्रूच्या शिपायासाठी जी किमान माणुसकी कागदावर लिहिली, तेवढीसुद्धा गावगाड्यानं आपल्या माणसाला दिली नाही. शत्रूला जिनिव्हा आणि आम्हाला गावकी!

कागद हा कागदच असतो, हे मला ठाऊक आहे. जिनिव्हाचा करार लढणाऱ्या सगळ्यांनीच कधी ना कधी मोडलाय. पण कागदावर असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या संविधानाचंही १७ वंच कलम अस्पृश्यता नष्ट करतं. २३ वं कलम वेठबिगारी बंद करतं. आबा पकडला गेला तेव्हा ते संविधान लागू होऊन बारा वर्षं झाली होती. ज्या देशासाठी तो बर्फात बसला त्या देशाचा कायदा वेशीपर्यंत आला होता. आत गेला नव्हता.

आता १९७१ घ्या. ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. सैनिक आणि सोबतचे नागरिक मिळून ९३ हजार माणसं भारताच्या ताब्यात आली. आपल्या देशानं त्यांना छावण्यांत ठेवलं, खायला घातलं, पत्रं लिहू दिली. करार झाले, आणि गाड्या भरभरून त्यांना वाघा सीमेवरून घरी पाठवलं. शेवटचा जथा एप्रिल १९७४ मध्ये गेला, त्यात जनरल नियाझी होता. आपलेही सहाशेच्या वर जवान १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परत आले. ही चांगली गोष्ट आहे. मला तिचा अभिमान आहे.

पण पुढची तारीख जोडून वाचा. शेवटचा पाकिस्तानी कैदी सुखरूप घरी पोचला, त्याला चार वर्षं झाली. २७ जुलै १९७८. विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. गावोगावची माणसं रानात, ज्वारीच्या पिकात लपून राहिली. आबा तेव्हा पेन्शनवर गावात होता. पेन्शनच्या पैशातून त्यानं विटांचं घर बांधलं होतं, वर पत्रे. महारवाड्यातलं ते एकच पक्कं घर. म्हणून आधी तेच पेटवलं. आत लोखंडी पेटी होती. पेटीत डिस्चार्ज बुक, पदकं, आणि कैदेतून घरी पाठवलेलं एक कार्ड. सगळं गेलं. आबा बायको-पोरांना घेऊन रातोरात नांदेडला निघाला. चीनकडून परत आलेला माणूस स्वतःच्या गावातून निर्वासित झाला.

शत्रूचे ९३ हजार सुखरूप घरी पोचवणाऱ्या या देशाला आपल्याच एका शिपायाचं घर राखता आलं नाही.

हे जुनं झालं म्हणू नका. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडला खेटून असलेल्या बोंढारला आपला एक कार्यकर्ता पोरगा भोसकून मारला गेला. गावात भीमजयंती काढल्याचा राग होता, अशी फिर्याद आहे. मिरवणूक कुठून जाईल, वरात कुठून जाईल, कोण घोड्यावर बसेल, हे अजून वेसच ठरवायला बघते. 'बूट काढ' म्हणणारा आवाज पारावरून उठून गेलेला नाही.

आणखी एक गोष्ट. १९७१ चे सगळे परत आले नाहीत. चोपन्न जणांची यादी आहे. घरचे म्हणतात, आमची माणसं पाकिस्तानच्या तुरुंगात होती. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडं कोणी नाही. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी सगळी दारं ठोठावली. २००७ साली नातेवाईकांचं पथक पाकिस्तानच्या तुरुंगांतून फिरून आलं. रिकाम्या हातानं आलं. त्या बाईंच्या वाट बघण्याला माझा जयभीम. वाट बघणाऱ्या बाईचं दुःख अधिकाऱ्याच्या घरी हलकं नसतं.

पण एवढ्या नावाजलेल्या बाईला दाद मिळायला जन्म पुरला नाही, तर खळ्यावर ज्वारी मळणाऱ्या बाईला कोण विचारणार? तिला तार दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. तिला दिल्ली कुठल्या दिशेला आहे ठाऊक नसतं. तिचा नवरा कोणत्या यादीत आहे, यादीत आहे का, हे तिला कोण सांगणार? आपण तरी सांगितलं का?

इथं मी माझ्याच चळवळीशी भांडणार आहे.

काही जण मला म्हणाले, "अरे, हे सगळे इंग्रजांचे भाडोत्री. त्यांच्या आठवणी कशाला?" हे वाक्य आपल्या तोंडात कुणी घातलं ते आधी बघा. कोरेगावबद्दल आपल्याला हेच ऐकवतात. ज्याला गावात पाणी नाही, त्यानं पोटासाठी पलटण धरली तर तो भाडोत्री. आणि ज्याची सात पिढ्या सरकारदरबारी चाकरी, तो देशभक्त? मी इंग्रजाची आरती ओवाळत नाही. इंग्रजानंच आपली भरती बंद केली, इंग्रजानंच आपली नावं दगडावर कोरली नाहीत. मला इंग्रज नको आहे. मला माझी माणसं पाहिजेत.

दुसरे म्हणतात, "फौजेत जात नसते." असेल. आबाही म्हणायचा, खंदकात सगळे एका डब्यात जेवायचे. म्हणून तर वेस त्याला जास्त लागली. ज्यानं माणूस म्हणून जगून बघितलं त्याला पुन्हा महार केलं, ही शिक्षा चिन्याला सुचली नसती.

तिसरे आपले जवळचे, ते सगळ्यात धोक्याचं बोलतात. म्हणतात, "पराभवाच्या गोष्टी पोरांना कशाला सांगायच्या? आपण वाघाची पोरं." दोस्तांनो, हे वाघ-बिघ सोडा. काळाराम मंदिराचं दार १९३० ला सत्याग्रह सुरू केल्यावर पाच वर्षांत उघडलं नाही. म्हणून आपण तो सत्याग्रह विसरलो? चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला प्यायलो आणि त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. म्हणून आपण महाडला जायचं सोडलं? जिंकलं तरच माणूस, हरलं तर कुत्रं, हा हिशोब आपला नाही. हा हिशोब पारावरच्यांचा आहे. "धरलेला शिपाई आला" असं म्हणणाऱ्यांचा आहे. आपण फक्त जिंकलेल्यांची नावं वाचली तर आपणही त्याच पारावर जाऊन बसलो.

बाबासाहेबांनी आपल्याला माणूसपण मागायला शिकवलं, पदक मागायला नाही.

मग करायचं काय? भाषण पुरे. काम सांगतो.

पुतळा नको. कमान नको. डिजिटल बोर्ड तर नकोच नको. एक वही घ्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. आपल्या वस्तीतल्या, आपल्या मूळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा. विचारा, आपल्यातलं कोण पलटणीत गेलं? कोण झाडूवाला म्हणून, स्वैपाकी म्हणून, हमाल म्हणून फौजेमागं गेलं? कोण पकडलं गेलं? कुठं? कोण परत आलं, कोण आलं नाही? परत आल्यावर गावानं काय केलं? आणि बाईचं नाव विसरू नका. वाट कोणी बघितली, किती बघितली, पेन्शन मिळाली का, हेही लिहा. जिनिव्हाच्या चार गोष्टी लिहा. नाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर. नंबर नसेल तर जागा मोकळी ठेवा. मोकळी जागा हीसुद्धा साक्ष आहे. मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कागद टाका. उत्तर आलं तर वहीत चिकटवा. नाही आलं तर अर्जाची प्रत आणि पोच चिकटवा.

मी आणि माझ्यासोबतच्या तिघांनी हे सुरू केलंय. सुट्टीच्या दिवशी अहमदपूर, लोहा, कंधार, मुखेडच्या बाजूला फिरतो. सुरुवातीला मी मिलमधल्या काट्याच्या पावत्यांच्या मागं नावं लिहायचो. आता वही आहे, आणि ती भरत आली आहे. काही म्हातारे बोलत नाहीत. तंबाखू मळत बसतात. बसू द्या. आपणही बसायचं. दुसऱ्यांदा गेलं की बोलतात. घाई करा एवढंच सांगतो, कारण १९६२ चे आता हाताच्या बोटावर राहिलेत. १९७१ चेही सत्तरीच्या पुढं गेलेत. प्रत्येक मयतीबरोबर एक यादी जळते.

चिनी आबा २०१२ साली गेला. त्याच्या मयतीला तिरंगा आला नाही, बिगूल वाजला नाही. वस्तीतली तीस-चाळीस माणसं होती. आजीनं पायाला हात लावला, जिथं दोन बोटं नव्हती तिथं. आणि मग घरातून बूट आणले. जुने, कडक झालेले, चामड्याचे. पेटवलेल्या घरातून तेवढेच वाचले होते, कारण पळताना आबाच्या पायात होते. तिनं ते त्याच्या पायात चढवले. कुणीतरी म्हणालं, "बूट घालून नेत नसतात." आजी म्हणाली, "ह्येला बूट घालूनच न्यायचं."

आम्ही तसंच नेलं.

आबाचं खरं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही. मुद्दामच लिहिलेलं नाही. ते वहीच्या पहिल्या पानावर आहे, हुद्द्यासकट, नंबरासकट. येत्या १४ एप्रिलला आमच्या विहारात मोठ्यानं वाचणार आहोत. तुम्ही या. पण रिकाम्या हातानं येऊ नका. तुमच्या वस्तीतलं एक नाव घेऊन या.

जय भीम.